बिट पलटला तर चिप उघडते का बंद राहते?

आज दिवसभर रीडआउट प्रोटेक्शनमध्येच, म्हणजे चिपमधला प्रोग्रॅम बाहेरून वाचू न देणाऱ्या लॉकमध्येच, डोकं घातलंय. बोर्ड एकदा लोकांच्या हातात गेला की ज्याच्याकडे प्रोग्रॅमर आणि चार वायरी आहेत तो फर्मवेअर, म्हणजे चिपमधला प्रोग्रॅम, काढून बघणारच, त्यामुळे फ्लॅश (तो प्रोग्रॅम जिथे साठवलेला असतो ती मेमरी) लॉक करायची हे पक्कं. पण लॉक म्हणजे तरी काय, चिपमध्येच कुठेतरी लिहिलेली एक व्हॅल्यू, चिप चालू होताना ती वाचली जाते आणि त्यावर ठरतं की बाहेरच्याला आत घ्यायचं का नाही. मग ती व्हॅल्यूच चुकीची वाचली गेली तर?

एनएक्सपीच्या एलपीसी चिप्स बघा. सीआरपीसाठी (कोड रीड प्रोटेक्शन, तिथलं हेच लॉक) ३२ बिटांची एक जागा, तिथे १२३४५६७८ किंवा ८७६५४३२१ असे ठरलेले मोजके हेक्स आकडे असले तरच लॉक, बाकी काहीही असलं तर चिप सताड उघडी! बूटलोडर, म्हणजे चिप चालू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम, तो आकडा वाचत असताना नेमक्या क्षणी व्होल्टेजला झटका दिला, एक बिट चुकला, की झालं. ख्रिस गर्लिन्स्की ह्या सुरक्षा संशोधकाने २०१७ मध्ये हे करूनच दाखवलं. इतक्या महत्त्वाच्या ठिकाणी शंका आली की उघडायचं असं कोणी ठरवावं, मला खरंच राग येतो.

एसटी कंपनीच्या एसटीएम३२ एफ० आणि एफ४ चिप्समध्ये उलट आहे, लॉकच्या जागी एए म्हणजे लेव्हल ० (उघडी), सीसी म्हणजे लेव्हल २ (पूर्ण बंद, डीबगही नाही), आणि उरलेलं सगळं लेव्हल १ (फ्लॅश बंद, डीबग चालू), म्हणजे गडबड झाली तरी बहुतेक वेळा बंदच, शिवाय १ वरून ० वर आणलं की आधी सगळी फ्लॅश पुसली जाते. हे मला फार आवडतं. तरी पण २०१७ मध्येच ओबरमायर आणि टाचनर ह्या दोघा संशोधकांनी एफ० ची चिप वरून उघडून तिच्यावर यूव्ही-सी (अतिनील) प्रकाश टाकला, बिट पलटले आणि लेव्हल २ ची लेव्हल १ झाली, तिथे डीबग पोर्ट (बाहेरून चिपच्या आत डोकावायची जोडणी) जिवंतच असतो, आणि त्या चिपमध्ये लॉक लागायच्या आत फ्लॅशचा एक शब्द (३२ बिट) वाचता यायचा. मग काय, रीसेट करा, पुढचा शब्द वाचा, परत रीसेट.

म्हणून माझं ठरलंय, लेव्हल २ लावायचीच, मग परत आलेला बोर्ड डीबग करता आला नाही तरी चालेल, अपडेट सही तपासणाऱ्या बूटलोडरमधून जातील. पण सगळ्या बोर्डांना एकच गुप्त की (किल्ली) अजिबात नाही, प्रत्येकाची वेगळी, आणि अपडेटवर सही करायची प्रायव्हेट की तर चिपमध्ये जायलाच नको, तिथे तपासण्यापुरती पब्लिक की पुरते. एक बोर्ड फुटला तर तेवढाच फुटावा. आणि लेव्हल २ ची १ झालीच, तर लेव्हल १ ला रॅम डीबगरने वाचता येते, तेव्हा काम झालं की रॅममधली की लगेच पुसायची, हे कोडमध्ये अजून दोन ठिकाणी राहिलंय, उद्या आधी तेच.