तुम्ही विचारलंत म्हणून: नक्कल कुणी कुणाची केली?

दादरला माझ्या कॉम्प्युटरच्या वर्गात नवी बॅच सुरू झाली की हा प्रश्न येतोच. विचारणारा घरी विंडोजवर शिकलेला असतो आणि लोअर परळच्या एखाद्या डिझाइन स्टुडिओत नोकरी लागल्यामुळे पहिल्यांदाच ॲपलच्या मॅकसमोर बसलेला असतो. "मॅडम, विंडोजनं सगळं मॅकवरूनच ढापलंय ना?"

बरंच ढापलं, हे खरं. पण ॲपलनं तरी ते कुठून आणलं? खिडक्या, चिन्हं, माऊसनं टिचकी मारणं हे सगळं झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या प्रयोगशाळेत सत्तरच्या दशकात आकाराला आलं होतं. माऊस तर त्याहीआधीचा, डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संशोधकाचा. १९७९ च्या डिसेंबरात स्टीव्ह जॉब्ज आणि ॲपलची मंडळी तिथं जाऊन हे पाहून आली. १९८३ मध्ये ॲपलचा लिसा हा संगणक आला, १९८४ मध्ये मॅकिंटॉश आणि १९८५ च्या नोव्हेंबरात विंडोजची पहिली आवृत्ती.

त्या भेटीतली बिल ॲटकिन्सनची गोष्ट मला फार आवडते. ॲपलच्या या प्रोग्रामरला वाटलं, झेरॉक्सच्या पडद्यावर अर्धी झाकलेली खिडकी आपला उघडा भाग तेवढाच नव्यानं रंगवते. मग आपल्यालाही हे जमलंच पाहिजे म्हणून तो इरेला पेटला आणि कसाही वेडावाकडा तुकडा झपाट्यानं आखायची युक्ती त्यानं शोधून काढली. पुढे कळलं, झेरॉक्सवाल्यांना ते जमलेलंच नव्हतं! जे नव्हतंच त्याची नक्कल करताना नवं काहीतरी जन्माला आलं. नक्कल म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

भांडण कोर्टातही गेलं. विंडोजच्या दुसऱ्या आवृत्तीत खिडक्या एकमेकींवर येऊ लागल्या आणि १९८८ मध्ये ॲपलनं विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टवर दावा ठोकला. आक्षेप १८९ बाबींवर होता. त्यातल्या १७९ ची परवानगी ॲपलनंच १९८५ च्या करारात देऊन ठेवली होती, असं न्यायाधीशांनी ठरवलं. १९९४ मध्ये ॲपल अपीलही हरलं. झेरॉक्सनं ॲपलवर केलेला दावाही टिकला नाही.

उलट दिशेनंही उचलाउचल झाली. खिडकी कडेला ओढली की अर्ध्या पडद्यात चपखल बसणं विंडोजमध्ये २००९ ला आलं, मॅकमध्ये थेट २०२४ ला. एकाच पडद्यावर आलटून-पालटून वापरायचे एकाहून जास्त डेस्कटॉप युनिक्स-लिनक्स या दुसऱ्या प्रणाली वापरणारे आधीपासून वापरत होते, मॅकनं ते २००७ मध्ये घेतले, विंडोजनं २०१५ मध्ये.

आणि हे झालं ते फार बरं झालं, असं माझं ठाम मत आहे. स्टुडिओत लागलेल्या मुलाचे हात बघा. विंडोजवर त्याची करंगळी कोपऱ्यातल्या कंट्रोलवर जाते, मॅकवर स्पेसबारशेजारच्या कमांडवर अंगठा न्यावा लागतो. सुरुवातीला करंगळी सारखी चुकते. पण एक्स, सी, व्ही दोन्हीकडे तीच, कापणं-चिकटवणं तेच, त्यामुळे आठवडाभरात तो रुळतो. त्यानं शिकलेलं त्याच्यापाशीच राहतं, कंपनीकडे गहाण पडत नाही.

खरं नुकसान झालं ते जिथं कुणी कुणाची नक्कल केली नाही तिथं, आणि ते आपण मराठीवाल्यांनी पुरेपूर सोसलंय. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी प्रत्येक फॉन्टवाल्याचे संकेत वेगळे होते. पडद्यावर 'क' दिसायचा, फाइलीत मात्र भलत्याच रोमन अक्षराचा क्रमांक साठवलेला असायचा. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की नुसता रोमन अक्षरांचा चिवडा. गिरगावातल्या मंडळांच्या जुन्या स्मरणिका, लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची पानं अशीच अडकून पडली आहेत. अजूनही कुणीतरी पेनड्राइव्ह घेऊन येतं आणि विचारतं, "हे वाचता येईल का हो?" फॉन्टचं नाव ठाऊक असेल तर कन्व्हर्टर लावून बरंचसं सुटतं, पण जोडाक्षरं हातानंच दुरुस्त करावी लागतात.

विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आली, तिच्यासोबत 'मंगल' हा फॉन्ट आला. तो घडवला आपल्या मुंबईच्या र. कृ. जोशींनी, पवईच्या आयआयटीत शिकवलेल्या सुलेखनकारानं. मॅक आणि लिनक्सही त्याच युनिकोडवर आले. कीबोर्डचा इनस्क्रिप्ट आराखडा तर भारतीय मानक ब्युरोनं १९९१ मध्येच प्रमाण मानला होता. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. के दाबला की 'क', शिफ्टसकट दाबला की 'ख', आणि हे विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे सारखंच. फोनेटिक, म्हणजे रोमन अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप करणं, लवकर येतं अशी कुरकुर मुलं दरवेळी करतात. तरी माझ्या वर्गात मराठी टायपिंग इनस्क्रिप्टनंच सुरू होतं.