मिलानमध्ये कपडेखरेदी: इंचटेप खिशात असू द्या

पिवळ्या मेट्रोच्या मोंतेनापोलेओने स्टेशनातून वर आलं की आपण थेट फॅशनच्या चौकोनातच उभे असतो. मोंतेनापोलेओने, देल्ला स्पिगा, मांझोनी आणि कोर्सो व्हेनेत्सिया या चार रस्त्यांच्या आतला हा भाग रमतगमत तासाभरात फिरून होतो. 2024 मध्ये दुकानभाड्याच्या बाबतीत मोंतेनापोलेओने न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूलाही मागे टाकून जगातला सर्वांत महागडा रस्ता ठरला. ते भाडं कोण भरतं, हे काचेच्या कोपऱ्यातली किमतीची बारीक पाटी वाचली की कळतं.

तरीही फेरफटक्याची सुरुवात मी इथूनच करते, आणि तीही काही न घेता. उत्तम शिलाई कशी दिसते ते एकदा इथे डोळ्यांखालून गेलं की पुढच्या साध्या दुकानात नजर फसत नाही. आत शिरताना ‘बुओंजोर्नो’, म्हणजे नमस्कार, म्हणावं आणि शेल्फवरची घडी स्वतः मोडू नये. आपलं माप सांगितलं की दुकानातला माणूस काढून देतो. घासाघीस या भागात चालत नाही.

माझं मत विचाराल तर मिलानमध्ये पैसे लोगोवर न घालता कोट, बूट आणि लोकरीवर घालावेत. पुरुषांचा ब्लेझर ही इथली सर्वांत सार्थ खरेदी. त्यावर 50 लिहिलेलं असेल तर तो छातीच्या घेराचा निम्मा आकडा, सेंटिमीटरमध्ये. म्हणजे छाती 100 सेंटिमीटर, आपल्या शिंप्याच्या टेपवर साधारण 40 इंच. सोपा हिशेब म्हणजे इटालियन आकड्यातून 10 वजा केले की इंचातलं माप मिळतं. पूर्ण सूट घेताना ‘ड्रॉप’ विचारा. कोटाच्या आकड्यातून ड्रॉप वजा केला की पँटच्या कमरेचा निम्मा आकडा मिळतो: 50 चा कोट, ड्रॉप 7, तर कंबर 86 सेंटिमीटर, म्हणजे 34 इंच. चाळिशीनंतर आपल्याकडच्या बहुतेकांना तो ड्रॉप 7 पोटावर बसत नाही; त्यांनी ड्रॉप 4 मागावा, तिथे कंबर 36 इंच येते. हे न विचारता कोट अंगात बसला म्हणून सूट उचलला की पँटचं बटण हॉटेलवर गेल्यावर दगा देतं.

कोट अंगावर असताना तीन गोष्टी बघाव्यात. पहिली म्हणजे खांद्याची शिवण. ती खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे. खांदा नंतर दुरुस्त करणं खर्चिक आणि बेभरवशाचं. दुसरी, समोरच्या बटणाच्या जरा खाली कापड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून हलकेच ओढायचं. बाहेरचं कापड आणि अस्तर यांच्या मधोमध तिसरा सैल थर हाताला लागला तर आत कॅनव्हास आहे. न लागता सगळं चिकटलेलं वाटलं तर आतला थर गोंदाने चिकटवलेला. चिकटवलेला कोट वाईटच असं नाही, पण काही वर्षांच्या ड्रायक्लीनिंगनंतर त्यावर फुगवटे येऊ शकतात, आणि त्यासाठी कॅनव्हासचे पैसे मोजू नयेत. तिसरी, बाहीची बटणं. काजं खरी कापलेली असतील तर बाही मनगटाच्या बाजूने आखूड करता येत नाही. खांद्याकडून करावी लागते आणि ते काम महाग. म्हणून बाही लांब वाटली तर काज न कापलेला कोट घ्या.

फॉर्मल पँटची खालची पट्टी बहुधा न शिवलेलीच येते. दुकान ते करून देतं, पण त्याला काही दिवस लागतात आणि सेलमध्ये वेगळे पैसेही पडू शकतात. म्हणून सूटची खरेदी मुक्कामाच्या पहिल्या दिवशी करावी. नाहीतर पँट तशीच घरी आणून आपल्या शिंप्याकडे द्यावी, यात कमीपणा नाही.

बायकांच्या मापात गोंधळ वेगळाच आहे. इटालियन 42 म्हणजे फ्रेंच 38, जर्मन 36 आणि ब्रिटिश 10. मोठ्या चेन दुकानांतल्या लेबलवर ‘युरो 38’ लिहिलेलं असतं, ते साधारण इटालियन 42 असतं. दोन्ही लेबलं एकाच मॉलमध्ये शेजारी टांगलेली असल्याने 38 सापडत नाही म्हणून बायका वैतागतात, किंवा 38 मिळालं म्हणून घालून बघतात आणि अंगात शिरत नाही.

बुटांसाठी इंग्लंडचं माप भारतात चालतं तेच: 42 म्हणजे साधारण 8 नंबर. इटालियन बूट पुढे निमुळते असतात, पंजा रुंद असेल तर त्रास ठरलेला. दुपारनंतर, पाय थोडे सुजल्यावर घालून पाहावेत. चामड्याची खात्री तळव्यावरच्या किंवा आतल्या छोट्या चिन्हांवरून करता येते. बुटाचे तीन भाग, वरचा, आतलं अस्तर आणि सोल, यांसाठी वेगळी चिन्हं असतात: पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं, जाळी म्हणजे कापड, हिऱ्यासारखा रिकामा चौकोन म्हणजे इतर साहित्य. कातड्याच्या आत हिरा दिसला तर वरून मुलामा दिलेलं चामडं. ‘वेरा पेल्ले’, म्हणजे अस्सल चामडं, असं लिहिलेलं असलं तरी ते कोणत्या भागाबद्दल आहे ते बघावं. वरचा भाग अस्सल आणि आतलं अस्तर सिंथेटिक हे नेहमीचं आहे.

बाकीच्या जागा पटापट. दुओमो या कॅथेड्रलशेजारचं ला रिनाशेंते हे मजल्यामजल्यांचं दुकान, एका छताखाली ब्रँड तुलना करायला उत्तम. गच्चीवरून कॅथेड्रलचा माथा हाताशी येतो. गालेरिया वित्तोरिओ एमानुएलेमधलं 1913 पासूनचं प्राडाचं मूळ दुकान बघावं, खरेदी करायलाच हवी असं नाही. खिशाला परवडणारी खरेदी कोर्सो बुएनोस आइरेस या लांबलचक रस्त्यावर, लाल मेट्रोच्या पोर्ता व्हेनेत्सिया किंवा लिमा स्टेशनवर उतरून. जुनंपानं आणि हटके हवं असेल तर पोर्ता तिचिनेझेकडे. आणि सान्त’आगोस्तिनो स्टेशनजवळ व्हियाले पापिनियानोवर मंगळवारी सकाळी आणि शनिवारी भरणारा बाजार: तिथे स्वेटर ढिगाने असतात, उलटून लेबलवर ‘लाना’ (लोकर) आणि ‘अक्रिलिको’ (अॅक्रिलिक) यांची टक्केवारी वाचा. सेर्राव्हाल्ले आउटलेट शंभरेक किलोमीटरवर आहे, बसने जाता येतं. पण काही ब्रँड आउटलेटसाठी वेगळाच माल बनवतात, हे लक्षात ठेवून जा.

सेल वर्षातून दोनदा: जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, 6 तारखेच्या एपिफनी या ख्रिस्ती सणाच्या आसपास, आणि जुलैच्या पहिल्या शनिवारी. लोम्बार्दीत तो 60 दिवस चालतो. पहिल्या आठवड्यात मापं असतात आणि सवलत कमी, शेवटी सवलत मोठी आणि फक्त 44 किंवा 58 उरलेलं. ऑगस्टच्या मध्यात छोटी दुकानं सुट्टीवर जातात, आणि एरवीही सोमवारी सकाळी किंवा दुपारी जेवणाच्या वेळी शटर खाली असू शकतं. फॅशन वीकमुळे फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये हॉटेलचे दर चढतात, तेव्हा केवळ खरेदीसाठी जाऊ नये.

फक्त आवडलं नाही म्हणून माल परत घेण्याची कायद्याने सक्ती दुकानावर नाही, ती त्यांची मर्जी. पैसे देण्याआधी विचारा आणि पावती, म्हणजे स्कोंत्रीनो, जपून ठेवा. कार्ड मशीन रुपये की युरो विचारेल, युरोच निवडा. रस्त्यावर चादरीवर मांडलेल्या नकली पर्सकडे पाहूही नका. घेणाऱ्यालाही 7,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो.

राहता राहिला कर. इटलीत व्हॅट 22 टक्के. युरोपियन युनियनबाहेर राहणाऱ्याने एका दुकानात 70 युरोंहून अधिक खरेदी केली की टॅक्स-फ्री फॉर्म मागता येतो. पासपोर्ट दाखवावा लागतो. 200 युरोंच्या बिलात कर 36 युरोंचा, पण मध्यस्थ कंपनीचं कमिशन कापून हातात त्याहून बरंच कमी येतं. जर्मनी किंवा नेदरलँड्समध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या मंडळींना हा लाभ नाही, पासपोर्ट भारतीय असला तरी. वास्तव्य युनियनमध्ये आहे ना.

विमानतळावर चेक-इनच्या आधी टॅक्स-फ्री काउंटर गाठा, कारण कस्टम्सला माल बघायचा असू शकतो, आणि माल न वापरलेला, लेबलसकट हवा. दोहा, दुबईमार्गे असाल तर फॉर्मला कस्टम्सची मंजुरी मिलानच्या मालपेन्सा विमानतळावरच होते, कारण युनियनमधून तिथूनच बाहेर पडता. फ्रँकफर्टमार्गे असाल आणि बॅग थेट मुंबईपर्यंत टॅग केलेली असेल तर त्या बॅगेतल्या मालाची मंजुरी मिलानलाच, हातातल्या मालाची मात्र फ्रँकफर्टला. सर्वांत जास्त लोक अडतात ते मिलानहून स्वित्झर्लंडला जाताना. स्वित्झर्लंड युनियनबाहेर आहे, त्यामुळे मंजुरीचा शिक्का सीमेवरच घ्यायचा. टूरची बस असेल तर मॅनेजरला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की इटालियन कस्टम्सशी थांबायचं आहे. कियासो या सीमेवरच्या स्टेशनमार्गे ट्रेनने जात असाल तर तिथे उतरून कस्टम्सचं कार्यालय शोधायचं आणि पुढची गाडी धरायची, इतकी वेळेची तजवीज तिकीट काढतानाच करा.