बदलीचा नट

परवा दुपारच्या प्रयोगाला गेलो, तर तिकीटखिडकीशी पाटी: प्रमुख नटाची तब्येत बिघडल्यामुळे त्यांची भूमिका दुसरे कलाकार करतील. रांगेत लगेच कुरकुर सुरू. ‘पैसे परत देणार का हो?’ मला मात्र अशी पाटी दिसली की आतून गुदगुल्या होतात. शाळेच्या गॅदरिंगला मी शिवाजीमहाराजांचा बदली होतो. सगळी भाषणं तोंडपाठ, मिशी चिकटवायचा डिंक खिशात, उभा विंगेत. महाराजांना शिंक आली तरी मी अर्धं पाऊल पुढे सरकायचो. पण महाराज ठणठणीत!

म्हणून तो इंग्लंडचा विनोदी गायक-नट हेन्री लिटन मला आपला वाटतो. खरं नाव हेन्री जोन्स. 1884 साली एकोणीस वर्षांचा, नुकतंच लग्न झालेलं आणि कामाची बोंब. बायको लुई हेन्री गाणारी. तिने याला डॉयली कार्ट या नाट्यनिर्मात्याच्या फिरत्या कंपनीत, ‘प्रिन्सेस आयडा’ या ऑपेराच्या कोरसमध्ये चिकटवून घेतलं. कसं? तर भाऊ म्हणून! कंपनीला नवरा-बायकोची जोडी चालणार नाही, अशी भीती. हा झाला एच. ए. हेन्री. म्हणजे स्वतःच्या बायकोचा भाऊ, पर्यायाने स्वतःचाच मेहुणा. आमच्या आजीने कपाळावर हात मारून घेतला असता.

लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात लेखक गिल्बर्ट आणि संगीतकार सलिव्हन या जोडीचा नवा ऑपेरा लागला की तोच खेळ घेऊन कार्टच्या कंपन्या गावोगाव हिंडायच्या. रविवारी सामानसुमान घेऊन आगगाडीत, क्रू जंक्शनवर गाडी बदलायची, सोमवारी नव्या गावात पडदा वर. राहायला भाड्याची खोली, जेवण घरमालकिणीच्या मर्जीवर. हे वाचलं की मला आपल्या नाटक मंडळ्यांचे मुक्काम आठवतात. आपलं ‘संगीत शाकुंतल’ही 1880चंच, त्याच काळातलं.

आणि मग 1887चा जानेवारी. सॅव्हॉयमध्ये या जोडीचा ‘रडिगोर’ लागून जेमतेम आठवडा झालेला, आणि जॉर्ज ग्रॉसस्मिथ आजारी पडला. लंडनचा लाडका विनोदी गायक तो. त्याच्या जागी कोण? बदलीचा, बावीस वर्षांचा हा पोरगा. त्याने निभावलं. गिल्बर्ट म्हणजे तालमीत भल्याभल्यांना रडवणारा; त्याने खूश होऊन सोन्याच्या मुठीची काठी दिली, हेन्री लिटन हे नावही त्यानेच सुचवलं. मग? मग काय, ग्रॉसस्मिथ बरा झाला आणि आमचा गडी परत गावोगाव. इथे मला ग्रॉसस्मिथचा अजून राग येतो. थोडं अंथरुणात पडून राहिला असता तर काय बिघडलं असतं?

पुढे 1909पासून पंचवीस वर्षं लिटन कंपनीचा मुख्य विनोदी नट होता, तेही बहुतेक फिरतीवरच. 1930 साली सरकारने ‘सर’ केलं. आता विंगेत दुसरं कोणी त्याच्या शिंकेची वाट बघत असणार.

1931च्या मे महिन्यात पुढच्या मुक्कामाला, केंब्रिजला, तो स्वतः मोटार चालवत निघाला. सोबत बर्था लुईस, कितीतरी वर्षं त्याच्याबरोबर रंगमंचावर गाणारी. वाटेत अपघात झाला. तो वाचला, ती गेली. कंपनीचे खेळ चालूच राहिले, दोघांच्याही भूमिका बदलीच्या कलाकारांनी केल्या.