साबण मुरतोय

दिवाळीला तीन आठवडे उरले तेव्हा मला घरी साबण करायचं सुचलं. आता कोल्ड प्रोसेसचा, म्हणजे न शिजवता केलेला साबण केल्यावर चार ते सहा आठवडे मुरू द्यायचा, त्यामुळे हिशोब तिथंच फसलेला.

मग शॉर्टकट शोधणं आलंच. मला वाटायचं एवढे दिवस कॉस्टिकचा (कॉस्टिक सोडा, ज्यानं तेलाचा साबण होतो) जहालपणा जायला लागत असतील, पण तसं नाहीये, तेल आणि कॉस्टिकचं जे काय व्हायचं ते एक-दोन दिवसात बरंचसं उरकतं, पुढचे आठवडे जातात ते पाणी उडून वडी आतून घट्ट व्हायला. म्हणलं मग पाणीच कमी घालू! ५०० ग्रॅम खोबरेल, ७८ ग्रॅम कॉस्टिक (मुद्दाम कमी, थोडं तेल शिल्लक राहिलं की अंग खरखरीत होत नाही) आणि पाणी १९० च्या जागी १५६ ग्रॅम. पाण्यात कॉस्टिक टाकायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही, आणि अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं तर अजिबात नाही. मी गॅलरीत गॉगल न् हातमोजे घालून ढवळतेय आणि सासूबाई दारातनं, "अगं, हे अंगाला लावायचंय ना नक्की?"

पाणी कमी म्हणजे घाई जास्त. भज्याच्या पिठासारखं सैल होतं ते बघता बघता श्रीखंड झालं, साच्यात अक्षरशः थापलं. आणि खोबरेलाचा साबण चार-पाच तासांत कापायचा असतो हे मी विसरले, सकाळी सुरी लावली तर फसलेल्या वडीसारखे तुकडे! धड सहाच निघाल्या.

त्या सुपात उभ्या करून पंख्याखाली ठेवल्या. ऑक्टोबर हीट एकदाची कामाला आली, पावसाळ्यात हेच केलं असतं तर वड्यांना नुसता घाम. रोज एक वडी किचनच्या काट्यावर, १०४, १०२, ९९... वजन उतरायचं थांबेना. शिजवून केला असता तर तेव्हाच वापरता आला असता म्हणतात, पण तो दिसतो ओबडधोबड, आणि घट्ट व्हायला आठवडाभर ठेवावा लागतोच.

नरक चतुर्दशीला एक वडी काढलीच. फेस झकास, पण ओल्या साबणदाणीत दोन दिवसात निम्मी विरघळली. उरलेल्या पाच सासूबाईंनी साड्यांच्या कपाटात टाकल्यात. मागायला गेलं की म्हणतात, "मुरू दे गं अजून."