दुसऱ्याला बायबलचं वचन देण्याआधी

पाळकांकडे, मंडळीतल्या वडिलांकडे किंवा घरसभा चालवणाऱ्याकडे लोक येतात ते बहुधा काहीतरी बिघडल्यावर. नोकरी गेली, मुलगा घर सोडून गेला, जमिनीवरून भावाभावांचं बोलणं बंद झालं. अशा वेळी आपल्याला बायबलमधलं एखादं वचन, म्हणजे एखादी ओळ, चटकन आठवते आणि आपण ती देऊन मोकळे होतो. घाई नेमकी तिथेच नडते.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11, म्हणजे 29व्या अध्यायातलं 11वं वचन घ्या. देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, हे वचन आपल्या कितीतरी घरांत भिंतीवर लावलेलं असतं. पण ते बाबेलला धरून नेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातलं आहे. त्याच्या एकच वचन आधी परतीची मुदत दिली आहे: 70 वर्षं. आणखी वर, पाचव्या वचनापासून, घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं सांगितलंय. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले बरेच जण परतीचा दिवस पाहणारच नव्हते. आता मागचा, 28वा अध्याय उघडा. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा, बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं जू काढून मोडतो आणि दोन वर्षांत सगळं परत येईल असं जाहीर करतो. लोकांना तेच ऐकायचं होतं, आणि ते खोटं होतं. नोकरी गेलेल्या माणसाला 29:11 वाचून दाखवून ‘महिन्याभरात देव दार उघडेल बघा’ असं जो म्हणतो, तो वचन यिर्मयाचं वाचतो पण बोलतो हनन्यासारखं. त्या माणसाला याच अध्यायातून खरा धीर देता येतो: थांबावं लागलं तरी देव विसरलेला नाही, आणि थांबण्याच्या काळातही घर, बाग, शेजार यांत मन घालायचं आहे.

म्हणून कोणतंही वचन देण्याआधी तो पूर्ण अध्याय तीनदा वाचावा, त्यातला एकदा मोठ्याने. कोण बोलतंय, कोणाला, कोणत्या प्रसंगी, हे एका ओळीत लिहावं. ती ओळ लिहिता आली नाही तर ते वचन आज कोणाला देऊ नये. शक्य असेल तर दोन मराठी भाषांतरं शेजारी ठेवावीत. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं, तेही साध्या बाईमाणसाला कळावं म्हणून. 1922 साली त्या वारल्या आणि 1924 साली ते भाषांतर छापलं गेलं. जिथे दोन भाषांतरांचे शब्द वेगळे पडतात, तिथे अर्थाला काहीतरी पदर आहे असं समजून थांबावं.

बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकाच्या बाबतीत वेगळी काळजी घ्यावी लागते. अध्याय 31, त्यामुळे तारखेप्रमाणे रोज एक वाचण्याची पद्धत चांगली आहे. पण दहाव्या अध्यायापासून पुढे बहुतेक सुटी सूत्रं आहेत, ती नुसती वाचली तर हातातून निसटतात. वहीत जीभ, पैसा, राग, शेजारी अशी पानं करून त्यांत उतरवून घेतली तर वर्षभरात उपयोगी पडणारं काहीतरी हाती लागतं. मूर्खाला उत्तर देऊ नको (26:4) आणि मूर्खाला उत्तर दे (26:5) ही लागोपाठची वचनं आहेत. दोन्ही खरी आहेत. कोणतं कधी लागू करायचं, हे समोरचा माणूस पाहून ठरवावं लागतं. सूत्र म्हणजे करार नव्हे, हे विसरलं की घरं दुखावतात. मुलगा वाट चुकलेल्या आईसमोर 22:6 (मुलाला योग्य वळण लाव, म्हणजे म्हातारपणीही तो ते सोडणार नाही) वाचणं म्हणजे तिने वळण लावलं नाही असा ठपका ठेवणं. ते वचन तान्ह्या मुलांच्या आईबापांसमोर काढावं.

शलमोन राजाने गिबोनात देवाकडे मागितलं ते हिब्रूत ‘लेव शोमेआ’, म्हणजे ऐकणारं हृदय (1 राजे 3:9). मंडळी चालवणाऱ्यात याचीच उणीव जास्त दिसते. भांडण आलं की नीतिसूत्रे 18:17 आठवावं: पहिला बोलतो तो खरा वाटतो, दुसरा येऊन त्याची तपासणी करेपर्यंत. दोघांना वेगवेगळं भेटावं आणि पहिल्या भेटीत निकाल देऊ नये. ऐकलेलं पुढे उपदेशात उदाहरण म्हणून वापरू नये, नाव गाळूनही नाही. चाळीस घरांच्या मंडळीत नाव गाळून काही लपत नाही.

आणि एक गोष्ट फार मनापासून सांगतो. घरात मार खाणारी बाई आली तर इफिसकरांस 5:22 (पत्नींनो, पतीच्या अधीन असा) दाखवून तिला परत पाठवणं हे वचनाच्या नावाने तिच्यावर लादलेलं अन्यायाचं ओझं आहे. एकमेकांच्या अधीन असा (21) आणि पतींनो, पत्नीवर प्रीती करा (25) ही वचनंही तिथेच आहेत. आधी ती आणि मुलं सुरक्षित आहेत ना ते पाहावं, पोलीस आणि वकील यांची मदत घ्यावी. इथ्रोने आपला जावई मोशे याला सगळा भार एकट्याने वाहू नकोस असं सांगितलं ते निर्गम 18 मध्ये आहेच. दीर्घ नैराश्यालाही डॉक्टर लागतो. प्रार्थना त्याच्या सोबतीने चालते.

मुलं, मालमत्ता आणि तब्येत गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसले (2:13). पुढे ते बोलायला लागले आणि शेवटी देवानेच त्यांना चुकीचं ठरवलं (42:7). त्यांची भाषणं वाचली तर सुटी सुटी वाक्यं बरीच बरोबर वाटतात, माणूस मात्र चुकीचा निवडलेला.

दवाखान्यात जाताना स्तोत्र 13 निवडावं. जेमतेम सहा वचनं आहेत. सुरुवातीला चारदा ‘कोठवर’ असा प्रश्न येतो आणि शेवट गाण्याने होतो. हळू वाचलं तरी मिनिटभर पुरतं. वाचून झालं की प्रार्थना करू का असं विचारावं. नको म्हटलं तर बायबल मिटून खुर्ची जरा जवळ ओढून बसावं.