सहावा माणूस

माजी सैनिकांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करणे, त्यांचे शब्दांकन करणे आणि उपलब्ध कागदपत्रांशी ताडून त्या संग्रहात ठेवणे, असे माझ्या कामाचे स्वरूप आहे. ज्यांनी खरोखर फौजेत वर्षे काढली आहेत, ते बोलायला बसले की स्वतःपेक्षा सोबत्यांविषयीच अधिक बोलतात. आपला बडी, म्हणजे जोडीचा जवान, कोण होता, कोणाची मंजूर झालेली रजा ऐन वेळी रद्द झाली, पलटणीतला कोणता उस्ताद (प्रशिक्षक) किती कडक होता, हे सगळे नावानिशी येते. लढाईचा प्रसंग मात्र चार वाक्यांत उरकतो आणि त्यात त्यांनी स्वतः काय केले, हे बहुधा खोदून खोदून विचारावे लागते.

ज्या गृहस्थांविषयी मी लिहीत आहे, त्यांच्या ध्वनिमुद्रणात नेमके उलटे घडत होते. वय साठीच्या आसपास, ताठ चाल, ब्लेझरच्या डाव्या खिशावर पदकांची ओळ आणि शाळा-महाविद्यालयांतून भाषणे देऊन कमावलेला आवाज. १९८४ साली भरती झालो, १९९५ साली हवालदार असताना स्वेच्छेने फौज सोडली, आणि मधल्या काळात सियाचीनमध्ये बाना सिंगांच्या बरोबरीने पाकिस्तानी चौकी घेतली, असे त्यांचे सांगणे होते. बर्फाच्या कड्यावर दोराने चढणे, हिमवादळ, बंकरमध्ये टाकलेला हातबॉम्ब, सारे तपशील अस्खलित होते. एवढ्या दीर्घ कथनात बाना सिंगांखेरीज एकाही सोबत्याचे नाव मात्र आले नाही. मी दोनदा विचारले, तेव्हा ‘होते आमचे चार-पाच जण’ असे म्हणून ते पुन्हा कड्याकडे वळले.

या चढाईची नोंद चांगली उपलब्ध आहे. सियाचीनच्या साल्तोरो डोंगरधारेवर एकवीस हजार फुटांहून अधिक उंचीवर पाकिस्तानने चौकी उभारली होती आणि तिला ‘कायद’ असे नाव दिले होते. तिचा माग काढण्यासाठी मे १९८७ मध्ये सेकंड लेफ्टनंट राजीव पांडे यांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या तुकडीतील बहुतेकांना, स्वतः पांडे यांच्यासह, वीरमरण आले. त्यांच्याच नावाने पुढची मोहीम ‘ऑपरेशन राजीव’ म्हणून आखली गेली. पहिले प्रयत्न फसल्यावर २६ जून १९८७ रोजी नायब सुभेदार बाना सिंग आणि त्यांच्याबरोबरचे चार रायफलमन, चुनी लाल, लक्ष्मण दास, ओम राज आणि कश्मीर चंद, सर्वांत अवघड बाजूने वर गेले आणि चौकी ताब्यात आली. बाना सिंगांना परमवीर चक्र मिळाले आणि त्या जागेला ‘बाना टॉप’ हे नाव पडले. हे पाचही जण जम्मू-काश्मीर लाइट इन्फन्ट्रीच्या आठव्या बटालियनचे होते. त्या रेजिमेंटमध्ये जवानांची भरती जम्मू-काश्मीरमधूनच होते. तोफखान्याचा, सिग्नलचा किंवा वैद्यकीय पथकाचा एखादा मराठी जवान पलटणीशी संलग्न असू शकतो, पण हे गृहस्थ स्वतःला त्याच पलटणीचे रायफलमन म्हणवत होते.

कागदपत्रांची स्थिती त्याहून बिकट होती. डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून मुक्त झाल्याची नोंदवही, घर बदलताना गहाळ झाले होते. पंधरा वर्षे पूर्ण न करता फौज सोडल्याने पेन्शन नाही, त्यामुळे पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेशही नाही. ही सबब मात्र विचारपूर्वक निवडलेली होती, कारण जवानाला सेवा-निवृत्तिवेतनासाठी पंधरा वर्षे लागतात हे खरेच आहे. रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज केला तर हरवलेल्या कागदाबद्दल दाखला मिळू शकतो, म्हणून मी अर्ज तयार करून त्यांच्यापुढे ठेवला. तो सही न होता त्यांच्या फाइलमध्ये गेला आणि तिथेच राहिला. त्यांनी लिहून दिलेल्या सेनाक्रमांकाच्या शेवटी इंग्रजी अक्षर नव्हते. भारतीय भूदलातील जवान आपला क्रमांक त्या अक्षरासकट मरेपर्यंत विसरत नाही.

मला खरी चिंता वाटू लागली ती निराळ्याच कारणाने. आमच्या यादीत लष्करी वाहतूक दलातले एक चालक होते. झोजी ला खिंड ओलांडून लेहकडे जाणाऱ्या ताफ्यांत त्यांनी अनेक हंगाम गाडी चालवली होती. ठरलेल्या दिवसाच्या आधी त्यांचा फोन आला. ‘मॅडम, तुमच्याकडे बाना टॉपचा माणूस आलाय असं ऐकलं. आता माझं काय ऐकणार तुम्ही? मी तर नुसती गाडी चालवली.’ ज्याचे डिस्चार्ज बुक मी स्वतः पाहिले होते, असा माणूस एका बनावट कथेपुढे स्वतःला कमी लेखून माघार घेत होता. खोट्या सैनिकामुळे देशाचा अपमान होतो असे नेहमी म्हटले जाते. मला त्या फोनवर त्याहून जवळचे आणि ठोस नुकसान दिसले.

आमच्या कामाला सल्ला देणारे एक निवृत्त सुभेदार आहेत. त्यांना मी बैठकीला बोलावले आणि त्या गृहस्थांनाही ‘काही तपशील नक्की करायचे आहेत’ असे स्पष्ट सांगून बोलावले. ते ब्लेझर घालूनच आले. सुभेदारसाहेबांनी कोणताही आरोप केला नाही, आवाजही चढवला नाही. त्यांनी विचारले, ‘हवालदारसाहेब, तुमची कंपनी कोणती? सीएचएम कोण होते तेव्हा?’ सीएचएम म्हणजे कंपनीचा हवालदार मेजर. उत्तर आले नाही. मग ते किंचित पुढे झुकले आणि पदकांच्या ओळीतल्या एका पदकाकडे त्यांनी बोट दाखवले. ते स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाचे पदक होते. १५ ऑगस्ट १९९७ रोजी जे सेवेत होते त्यांनाच ते दिले गेले. ‘तुम्ही तर पंच्याण्णवला घरी आलात ना?’ एवढेच ते म्हणाले.

पदके आणि फिती दुकानात विकत मिळतात. खऱ्या सैनिकालाही हरवलेल्या पदकाच्या जागी दुसरे घ्यावे लागते, त्यामुळे त्या विक्रीत गैर काही नाही. मात्र विकत घेणाऱ्याला प्रत्येक पदकामागची तारीख ठाऊक असतेच असे नाही.

बराच वेळ ते गृहस्थ टेबलाकडे पाहत राहिले. मग त्यांनी फाइल उघडली. वरच्या प्लास्टिकच्या पाकिटांत शाळांची सन्मानपत्रे होती, सगळ्यांवर ‘सियाचीन वीर’ असा उल्लेख. ती एकेक करून बाजूला ठेवत त्यांनी सर्वांत तळाचा, घड्यांवर चिरलेला आणि मागून चिकटपट्टी लावलेला एक कागद काढला आणि माझ्याकडे न देता सुभेदारसाहेबांकडे दिला. तो त्यांचा खरा डिस्चार्ज होता. १९८४ साली ते रिक्रूट म्हणून भरती झाले होते, आणि प्रशिक्षण पूर्ण होण्याआधीच, चाचण्यांत वारंवार अनुत्तीर्ण झाल्याने, ‘कार्यक्षम सैनिक होण्याची शक्यता नाही’ या शेऱ्यासह त्यांना घरी पाठवण्यात आले होते. हा शेरा कोणा अधिकाऱ्याच्या लहरीतून आलेला नव्हता. १९५४ च्या सैन्य नियमांतील तेराव्या नियमाखाली सेवेतून कमी करण्याचे ते एक विहित कारण आहे. ‘गावात भरतीची मिरवणूक निघाली होती,’ ते म्हणाले. ‘परत कुठल्या तोंडानं जायचं?’ ते दुसरीकडे मजुरीला राहिले आणि काही वर्षांनी गावी परतले ते फौजेतल्या गोष्टी सांगतच.

मला त्यांची कीव आली, हे मी नाकारत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हाती असा कागद पडणे ही मोठी शिक्षा आहे. पण परत येऊन तोंड लपवण्यासाठी बोललेले खोटे आणि व्यासपीठावर उभे राहून दुसऱ्याचा पराक्रम स्वतःच्या नावावर सांगणे, या दोन गोष्टी मी एका मापाने मोजू शकत नाही. पहिल्या खोट्याला लाज कारण होती, दुसऱ्याला टाळ्या.

पोलिसांत तक्रार करावी का, यावर आमच्यात चर्चा झाली. सैनिक नसताना, आपण सैनिक आहोत असे लोकांना वाटावे या हेतूने गणवेश किंवा तसे चिन्ह वापरणे हा जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम १४० प्रमाणे गुन्हा होता आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ मध्ये तो कायम आहे. मात्र नुसते तोंडाने केलेले दावे त्यात बसत नाहीत, आणि तसा कायदा करणे किती अवघड असते हे अमेरिकेत दिसले आहे: तिथे शौर्यपदकाचा खोटा दावा हाच गुन्हा ठरवणारा २००५ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली झेवियर अल्वारेझ यांच्या खटल्यात रद्द केला आणि २०१३ च्या नव्या कायद्यात पैसा किंवा अन्य लाभ मिळवण्याचा हेतू असेल तरच शिक्षा ठेवली गेली. आमच्या गृहस्थांनी पेन्शन, आरक्षण किंवा अनुदान यांपैकी काहीही घेतलेले नव्हते. सुभेदारसाहेबांनी पदके उतरवून ठेवायला सांगितली, ती त्यांनी तिथेच उतरवली. यापुढे भाषण देणार नाही, असे त्यांनी लिहून दिले. तक्रार आम्ही केली नाही. त्यांच्या प्रशिक्षणाच्या दिवसांविषयी, खरे तेवढेच, बोलाल का असे मी विचारले; त्यांनी नकार दिला.

वाहतूक दलातल्या काकांकडे मी स्वतः गेले. त्यांनी ताफ्यातल्या गाड्यांचा क्रम, साखळ्या बांधलेली चाके, बर्फ कोसळून रस्ता बंद झाल्यावर गाडीत काढलेल्या रात्री, आणि दरीत गेलेल्या गाडीतल्या दोन सोबत्यांची नावे, गाव आणि भरतीचे साल, असे सगळे सांगितले. एका नावाच्या उच्चाराबद्दल त्यांना शंका होती, म्हणून ध्वनिमुद्रण थांबवून त्यांनी जुन्या सोबत्याला फोन लावला.

उरले होते शाळांना कळवण्याचे काम. बहुतेकांनी आभार मानले, पण एका मुख्याध्यापकांनी मला विचारले की, मुलांना प्रेरणा तर मिळालीच ना, मग आता त्यांचा विरस कशाला करायचा? फोनवर मी वाद घातला नाही. मी त्यांना पत्र पाठवले आणि शाळेच्या भित्तिपत्रकावर त्या गृहस्थांच्या छायाचित्राच्या जागी लावता येईल असा मजकूर सोबत जोडला. त्यात पाचही जणांची नावे, हुद्दे, पलटण आणि तारीख होती. चुनी लाल यांच्याविषयी थोडे अधिक लिहिले: बाना टॉपनंतर ते त्याच पलटणीत वीस वर्षे राहिले, सेना पदक आणि वीर चक्राचे मानकरी ठरले, आणि जून २००७ मध्ये कुपवाडा भागात घुसखोरांशी लढताना नायब सुभेदार म्हणून धारातीर्थी पडले, त्यांना मरणोत्तर अशोक चक्र देण्यात आले. मजकूर लावला की छायाचित्र पाठवावे, अशी विनंती मी पत्राच्या शेवटी केली.