तुम्ही विचारलंत म्हणून: गेडेसला अजून का सोडत नाही?

पॅट्रिक गेडेस, शंभर वर्षांपूर्वीचा स्कॉटिश नगररचनाकार, माझ्या बोलण्यात सारखा येतो. "मॅडम, तुम्ही सारखं गेडेस गेडेस करता. तुमच्या आईच्या वेळी अँब्युलन्स गल्लीत शिरली नव्हती. तरी रुंदीकरणाला विरोध?" हा प्रश्न मला वर्गात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात आणि जुन्या नाशिकच्या रस्त्यांच्या रुंदीकरणावर हरकती-सूचनांची सुनावणी असली की हमखास विचारतात. दर वेळी मी अर्धंच उत्तर देते, कारण आईचा विषय निघाला की मला पुढचं बोलवत नाही. म्हणून लिहिते आहे.

गेडेस हा 'जुनं ते सगळं जपा' म्हणणारा माणूस नव्हता. मूळचा तो जीवशास्त्रज्ञ. १८८६मध्ये लग्न झाल्यावर त्याने आणि अ‍ॅनाने एडिनबरोच्या जुन्या, कोंदट वस्तीत बिऱ्हाड थाटलं आणि शेजाऱ्यांना हाताशी धरून साफसफाई, रंगसफेदी, बागा सुरू केल्या. तिथे त्याने पाडलंही, बांधलंही. फक्त पाडण्याआधी तो गल्ली पायाखाली घालायचा. १९१४मध्ये तो हिंदुस्थानात आला. त्याच्या शहर-प्रदर्शनाचं सगळं सामान ज्या जहाजावर होतं ते जर्मनांच्या 'एम्डेन' युद्धनौकेने बुडवलं. त्याने नव्याने नकाशे-चित्रं जमवली आणि १९१५मध्ये मद्रासला प्रदर्शन भरवलं. मग तंजावर, बडोदा, लखनौ, लाहोर, इंदूर अशी गावोगाव पायपीट. तंजावरात त्याच्यासमोर नेहमीचाच आराखडा आला: दाट वस्तीतून सरळ, रुंद रस्ते काढायचे. त्याचं म्हणणं होतं, ज्यांची घरं जातील ती माणसं हवेत विरत नाहीत, ती शेजारच्या गल्लीत दाटीवाटीने राहतात आणि दुखणं तिथे जातं. त्यापेक्षा जी घरं खरंच राहण्याजोगी नाहीत तेवढी काढा, त्यांच्या जागा मोकळ्या ठेवा, जोडा, तिथे झाड लावा. बाकीच्यांना राहू द्या. खर्चही कितीतरी कमी.

"साहेब होता, त्याला काय कळणार आपल्याकडच्या मरणाचं," असंही मला ऐकवलं जातं. १९१७मध्ये त्याचा मोठा मुलगा फ्रान्समध्ये लढाईत मारला गेला. अ‍ॅना तेव्हा इकडेच आजारी होती. तिला ही बातमी सांगितलीच नाही. त्याच वर्षी तीही वारली. पुढच्याच वर्षी इंदूरचा दोन खंडांचा अहवाल तयार होता. त्याला कळत नव्हतं असं निदान माझ्यासमोर तरी म्हणू नका.

आता आईचं.

आमचा वाडा तिवंध्याजवळ. आई वरच्या मजल्यावर. पहाटे छातीत दुखायला लागलं, मी फोन केला, आणि अँब्युलन्स खरं म्हणजे लवकर आली, पण गल्लीच्या तोंडाशी थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, आत घातली तर मागे घेता येणार नाही." त्याचं खरंच होतं. स्ट्रेचर लाकडी जिन्यावरून वळेना. मग शेजारची पोरं वर आली. प्लास्टिकच्या खुर्चीत आईला बसवलं, चादर छातीभोवती गुंडाळून खुर्चीच्या पाठीला बांधली आणि दोघं पुढे, दोघं मागे असे उतरले. खाली आलो तर गल्लीत दोन्ही बाजूंना टू-व्हीलर. एकेक उचलून बाजूला करावी लागत होती. मी पुढे पळत जाऊन गाड्या सरकवत होते, पुन्हा मागे येऊन आईचा हात धरत होते. वळणावर तर खुर्चीच अडकली. एका बाजूला विजेच्या डीपीचा लोखंडी पिंजरा, दुसऱ्या बाजूला नव्या दुकानाच्या बाहेर आलेल्या पायऱ्या, आणि पलीकडे कधीचा पडलेल्या वाड्याचा ढिगारा, कोणी न उचललेला. पोरांनी खुर्ची तिरपी केली. आई तेवढ्यात म्हणाली, "गाडीला ओरखडा पडेल रे कुणाच्या, सांभाळून." त्यानंतर ती काही बोलली नाही. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. मी त्यांना काही विचारलं नाही.

त्या पहाटे कोणी कागद पुढे केला असता तर गल्लीच्या दोन्ही बाजू पाडायला मी सही केली असती. आमच्या वाड्यासकट. तेव्हाची मी चूक होते असं मला आजही म्हणता येत नाही. तिच्याशी मी अजून भांडते आणि ती अजून ऐकत नाही.

दिवस झाल्यावर मी टेप घेऊन गल्लीत गेले. विद्यार्थी सोबत होते. गल्ली बहुतेक लांबीभर अँब्युलन्सला पुरेशी निघाली. घास अडकत होता तो त्या वळणावर: पिंजरा, पायऱ्या, ढिगारा. आणि पार्किंगला. नकाशावरची रुंदीकरणाची रेषा मात्र अख्ख्या ओळीच्या पुढच्या खोल्या घेत होती. त्या खोल्यांत तांबटांची दोन दुकानं, एक पिठाची गिरणी आणि वर राहणारी भाडेकरू बिऱ्हाडं. ढिगारा उचला, पायऱ्या आत घ्या, पिंजरा हलवा, त्या पडक्या जागेचा छोटा चौक करा, तिथे गाडी वळेल. तंजावरात गेडेसने जे सुचवलं तेच. रस्ता रुंद झाला की गाडी हमखास जाते, हे मला पटत नाही. मेनरोड आमच्या गल्लीच्या कितीतरी पट रुंद आहे. सणाच्या दिवसांत संध्याकाळी तिथून गाडी काढून दाखवा.

"मग तुम्ही स्वतः गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये का राहता?" राहते. लिफ्ट आहे, वडिलांचे गुडघे गेलेत. हे सांगताना मला बरं वाटत नाही, पण लपवतही नाही.

गेडेसकडे ज्याचं उत्तर नाही तेही सांगते. वाडे पडतात ते अनेकदा भांडणामुळे. भाडं नाममात्र, म्हणून मालक कौलं शाकारत नाही. जागा सोडली तर हक्क जाईल म्हणून भाडेकरू हलत नाही. पाणी मातीच्या भिंतींत मुरत राहतं. पावसाळ्यात एक दिवस भिंत बसते. यावर नुसतं मोजमाप काय करणार?

आणि दुसरं. माझ्या वर्गातला एक मुलगा सरळ म्हणाला, "मॅडम, गेडेसला वस्तीत शेजार दिसला. आमच्या आजोबांना वेस दिसायची." जागा, काम, माणसं या तिन्हींचा मेळ पाहायला गेडेसने शिकवलं. पण आपल्याकडे कुणी कुठे राहायचं, कुणी कोणतं काम करायचं हे कुणी ठरवलं होतं? २ मार्च १९३०ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षं चालला. गेडेस १९२४मध्येच हिंदुस्थान सोडून गेला होता. पण तो असता तरी जुन्या वस्तीबद्दलचं आपलं प्रेम त्याने तपासलं असतं का, याची मला खात्री देता येत नाही. त्या मुलाला मोठा, सरळ, कुणाच्याही ओट्यावरून न जाणारा रस्ता हवासा वाटतो, आणि का वाटतो ते मला समजतं. मी त्याला एवढंच म्हटलं, की काझीच्या गढीच्या, म्हणजे गोदाकाठच्या त्या मातीच्या टेकाडाच्या, काठावरच्या घरांना दर पावसाळ्यात स्थलांतराच्या नोटिसा येतात. तिथली माती कुठे खचते, कोण कुठे जाईल, हे आधी का मोजायचं नाही? तो म्हणाला, "मोजा, पण मोजणारे कोण असतील तेही सांगा."

पुढच्या सुनावणीला मी जाणार आहे. मागणी तीच: प्रत्येक गल्लीची पाहणी आधी मांडा, रेषा नंतर मारा. त्या मुलालाही अर्ज करायला सांगितलं आहे. तो रुंदीकरणाच्या बाजूने बोलणार आहे.